गाठ शिरेला टेकली आहे की शिरेत शिरली आहे?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात यकृताच्या कॅन्सरवरील शस्त्रक्रियांविषयी लिहिताना, शिरेच्या आतून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीचा एका वाक्यात उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना येथे उत्तर देत आहे. या तपासणीचे पूर्ण नाव इन्ट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड असले तरी रुग्णालयात सर्वजण तिला ‘आयव्हस’ म्हणतात, म्हणून तोच शब्द मीही वापरला आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. त्यांना अनेक वर्षांपासून हिपॅटायटिस बी आहे. यकृताच्या उजव्या भागात ७ सेंटिमीटरची गाठ आढळली असून सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘गाठ आयव्हीसीला लागून आहे, शिरेत घुसली असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असे लिहिले आहे. एका सर्जननी ऑपरेशन होणार नाही असे सांगितले, तर दुसऱ्यांनी आधी शिरेच्या आतून सोनोग्राफी करू आणि मग ठरवू, असे सांगितले. एवढा मोठा सीटी स्कॅन झालेला असताना पुन्हा ही तपासणी कशासाठी? (कोल्हापूर)

उत्तर : रिपोर्टमधले ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शब्द वाचून घरातले लोक हबकून जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु ते निदान नव्हे. समोरच्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही, एवढेच रेडिओलॉजिस्टने त्यात प्रामाणिकपणे नोंदवलेले असते. त्या शब्दांवरून ऑपरेशन नाकारणे जसे घाईचे ठरू शकते, तसेच ते शब्द दुर्लक्षून थेट ऑपरेशनला जाणेही घाईचे ठरू शकते.

आयव्हीसी, म्हणजे इन्फिरियर व्हेना केव्हा, ही कमरेखालचे आणि पोटातले रक्त हृदयाकडे नेणारी शरीरातली सर्वांत मोठ्या शिरांपैकी एक आहे. छातीच्या पडद्याकडे जाताना ती सहा-सात सेंटिमीटर अंतर यकृताच्या पाठीमागच्या खोबणीतून जाते, आणि तिथेच वरच्या टोकाला यकृतातून येणाऱ्या उजव्या, मधल्या आणि डाव्या अशा तीन हिपॅटिक व्हेन तिला मिळतात. त्यांखेरीज यकृताच्या मागच्या भागातून, विशेषतः कॉडेट लोबमधून, अनेक बारीक शिरा थेट तिच्यात उघडतात. यकृताला मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळते. त्यातले तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून आणि उरलेले हिपॅटिक धमनीतून येते, आणि ते सगळे याच मार्गाने बाहेर पडते. त्यामुळे उजव्या भागाच्या मागील बाजूची गाठ वाढू लागली की ती आयव्हीसीवर दाब आणते, आणि ७ सेंटिमीटरची गाठ तिला ‘लागून’ असणे यात नवल काहीच नाही.

प्रश्न एवढाच असतो की गाठ शिरेला नुसती टेकली आहे, की शिरेची भिंत फोडून आत गेली आहे. सीटी स्कॅन मिलिमीटरभर जाडीचे काप घेतो, आणि शिरेची भिंतही तशीच पातळ असते. त्यात गाठीने शिरेला चपटे केलेले असले की दोघींमधली चरबीची बारीक रेषा पुसली जाते, श्वासाने चित्र थोडे हलते, आणि शिरेत खालून येणारे डाय (स्कॅनसाठी टोचलेले, चित्र उजळवणारे औषध) नसलेले रक्त व मूत्रपिंडांकडून येणारे डाय मिसळलेले रक्त एकत्र आल्यामुळे शिरेच्या आत खोट्या सावल्या दिसू लागतात. रस्त्यावर उभे राहून शेजाऱ्याने आपल्या भिंतीला लावलेली पोत्यांची थप्पी पाहिली, तर ती नुसती टेकवलेली आहे की तिच्या भाराने विटा आत ढासळल्या आहेत हे कळत नाही; ते पाहायला घरात जाऊन आतल्या गिलाव्याकडे पाहावे लागते. आयव्हस नेमके तेच करते.

जांघेतल्या शिरेत सुई टाकून त्यातून एक मऊ तार आणि तारेवरून साधारण ३ मिलिमीटर जाडीची नळी, म्हणजे कॅथेटर, वर सरकवले जाते. या कॅथेटरच्या टोकाला सोनोग्राफीचा सूक्ष्म प्रोब असतो. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत तो हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडापर्यंत नेतात आणि मग अगदी हळूहळू मागे ओढत आणतात. पडद्यावर शिरेचा गोल काप दिसत राहतो : मध्यभागी कॅथेटरचे उजळ कडे, त्याभोवती जवळजवळ काळे दिसणारे रक्त, रक्ताच्या कडेला शिरेच्या भिंतीची पांढरी सलग रेषा आणि रेषेपलीकडे रवाळ दिसणारे यकृत. कॅथेटर मागे येत असताना आधी तिन्ही हिपॅटिक व्हेनची तोंडे ओळखू येतात, आणि पुढे गाठीचा भाग आला की सगळ्यांचे लक्ष त्या पांढऱ्या रेषेवर खिळते. रेषा आत ढकलली गेली आहे पण सलग आहे, तर गाठ बाहेरच आहे असे समजतात. रेषा एखाद्या ठिकाणी तुटून गाठीचा पोत थेट रक्ताला भिडलेला दिसला, तर भिंतीत शिरकाव झालेला असण्याची शक्यता फार वाढते. आणि गाठीचा कोंब शिरेच्या पोकळीतच डोकावत असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हिपॅटायटिस बी किंवा सिरोसिसच्या (यकृत वणांनी भरून कडक होण्याच्या) पार्श्वभूमीवर होणारा यकृताचा मूळ कॅन्सर, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, पुष्कळदा स्वतःभोवती कवच घेऊन वाढतो. तो आयव्हीसीची भिंत बाहेरून फोडतो असे तुलनेने कमी वेळा घडते. त्याची नेहमीची वाट वेगळी आहे : तो आधी यकृताच्या आतल्या एखाद्या हिपॅटिक व्हेनच्या शाखेत शिरतो, रक्ताच्या प्रवाहाबरोबर लांबट कोंबासारखा वाढत जातो आणि त्या शिरेच्या तोंडातून आयव्हीसीत, क्वचित थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरतो. म्हणूनच अशा रुग्णात आयव्हस करताना आयव्हीसीच्या भिंतीइतकेच लक्ष तिन्ही हिपॅटिक व्हेनच्या तोंडांवर द्यावे लागते. याउलट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून यकृतात पसरलेल्या गाठी आणि पित्तनलिकेचा कॅन्सर यांना असे कवच नसते, आणि ते शेजारच्या भिंतीत झिरपत जाण्याची भीती अधिक असते. सीटी स्कॅनवर चिकटलेली दिसणारी मोठी गाठ ऑपरेशनच्या वेळी आयव्हीसीपासून अलगद सुटी झाली, हा अनुभव यकृताची शस्त्रक्रिया करणाऱ्या बहुतेक सर्जनना आलेला आहे.

या उत्तराने ऑपरेशनमध्ये काय बदलते, हे पाहणे आवश्यक आहे. भिंत शाबूत असेल, तर यकृताचा उजवा भाग आयव्हीसीपासून सोडवून काढता येतो. झाक बेल्घिती या फ्रेंच सर्जनने २००१ साली मांडलेल्या पद्धतीत तर यकृत आणि आयव्हीसी यांच्यामधून एक पट्टी ओवून यकृत उचलून धरतात, आणि ती पट्टी ओवण्याची जागा डोळ्यांनी न पाहता तयार करावी लागते. त्या जागी गाठ भिंतीत घुसलेली असेल तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो. भिंतीचा छोटा तुकडा गाठीबरोबर काढावा लागणार असेल, तर आयव्हीसीला बाजूने क्लॅम्प लावून टाके घालता येतात किंवा ठिगळ लावता येते. घेराचा मोठा भाग गेलेला असेल, तर आयव्हीसी वर-खाली पूर्ण बंद करून तो भाग कापून तिथे कृत्रिम नळी बसवावी लागते. अशा वेळी हृदयाकडे परतणारे रक्त एकाएकी घटते, भूलतज्ज्ञांना त्याची तयारी आदल्या दिवसापासून करावी लागते, आणि सिरोसिस झालेले यकृत रक्तपुरवठ्यातला हा खंड कितपत सोसेल याचाही विचार करावा लागतो. जर्मनीतील हॅनोव्हर येथे रुडॉल्फ पिख्लमायर यांनी १९८८ साली यकृत शरीराबाहेर काढून, गाठ कापून, उरलेले यकृत पुन्हा बसवण्यापर्यंत मजल मारली होती. पण असा मार्ग आजही अगदी निवडक रुग्णांसाठी आणि निवडक केंद्रांतच आहे. या सर्वांपैकी नेमके काय करायचे आहे हे पोट उघडण्यापूर्वी कळणे, हा आयव्हसचा खरा उपयोग.

आता माझे स्पष्ट मत सांगतो. दुसऱ्या सर्जनना तुम्ही एकच प्रश्न विचारा : ‘आयव्हसमध्ये भिंत शाबूत दिसली तर तुम्ही काय कराल, आणि तुटलेली दिसली तर काय कराल?’ दोन्ही उत्तरे वेगळी असतील, तर तपासणी अवश्य करावी. परंतु वडिलांना सिरोसिस असेल, तर ऑपरेशननंतर मागे राहणारे यकृत साधारणपणे एकूण आकाराच्या ४० टक्के तरी असावे लागते. निरोगी यकृताला २० ते २५ टक्केही पुरतात. कावीळ, पोटातले पाणी, रक्त गोठण्याचा वेळ आणि प्लेटलेट्स यांवरून यकृताची ताकदच अपुरी ठरत असेल, तर शिरेची भिंत कशीही असली तरी मोठे ऑपरेशन होणार नाही. मग ही तपासणी करून रुग्णाला त्रास आणि घराला खर्च देण्यात अर्थ नाही. पहिल्या सर्जननी नकार कोणत्या कारणाने दिला, शिरेमुळे की यकृताच्या ताकदीमुळे, हे आधी समजून घ्या.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी स्टेंट नीट बसला आहे का हे पाहण्यासाठी आयव्हस केले होते. तेच मशीन यकृतासाठी वापरतात का? (सातारा)

उत्तर : तत्त्व तेच, कॅथेटर मात्र वेगळे. ध्वनिलहरींची वारंवारिता जितकी जास्त, तितके चित्र बारीक. पण तितक्या त्या लहरी कमी खोल पोहोचतात. पोटावरून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीत साधारण ३.५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरला तर त्या लहरीची लांबी सुमारे ०.४४ मिलिमीटर येते. २० मेगाहर्ट्झला तीच लांबी ०.०८ मिलिमीटरच्याही आत येते. हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असल्यामुळे तिथे २० ते ६० मेगाहर्ट्झची कॅथेटर चालतात. आयव्हीसी मात्र सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते, आणि आपल्याला तिच्या भिंतीपलीकडची गाठही पाहायची असते. म्हणून इथे १० मेगाहर्ट्झच्या आसपासची, जाडसर कॅथेटर लागतात. हृदयरोगतज्ज्ञ हृदयाच्या आतून इको करण्यासाठी जे ५ ते १० मेगाहर्ट्झचे कॅथेटर वापरतात, तेही काही केंद्रांत यकृतासाठी वापरले जाते. त्यात गोल कापाऐवजी एका बाजूचे पंख्यासारखे चित्र मिळते, ते खोलवर दिसते आणि रक्ताचा प्रवाहही डॉपलरने पाहता येतो. तुमच्या गावातल्या कॅथलॅबमध्ये आयव्हसचे मशीन असले, तरी शिरांसाठी लागणारे कॅथेटर तिथे ठेवलेले असेलच असे नाही.

प्रश्न : मी सर्जरीचा निवासी डॉक्टर आहे. आमच्या विभागात आयव्हस होत नाही. ऑपरेशनच्या वेळी यकृतावर प्रोब ठेवून सोनोग्राफी मात्र नेहमी होते. मग आयव्हसची गरज कितपत? आणि आयव्हसचा निष्कर्ष कुठे चुकू शकतो? (नागपूर)

उत्तर : ऑपरेशनच्या वेळची सोनोग्राफी हे यकृताच्या सर्जनचे सर्वांत मोलाचे साधन आहे, याबद्दल दुमत नाही. जपानमधील मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात पोर्टल व्हेनच्या शाखेत सोनोग्राफीखाली निळा रंग सोडून यकृताचा तेवढाच भाग काढण्याची पद्धत रूढ केली. क्लोद कुइनो यांनी १९५७ मध्ये मांडलेले यकृताचे आठ भाग त्यामुळे कागदावरून ऑपरेशन टेबलवर आले, असे म्हणता येईल. पुढे मिलानच्या ग्विदो तोर्झिल्ली यांच्या गटाने ऑपरेशनच्या वेळच्या सोनोग्राफीवर गाठ आणि शीर यांचा संबंध बारकाईने तपासून, भिंत शाबूत असेल तर गाठ शिरेवरून सोलून काढता येते आणि शीर वाचवता येते, हे दाखवून दिले. म्हणजे प्रश्न तोच आहे, फक्त पाहण्याची जागा वेगळी आहे. फरक एवढाच की ऑपरेशनच्या वेळी हे उत्तर पोट उघडल्यावर मिळते, आणि यकृताच्या मागच्या बाजूची आयव्हीसी प्रोबपासून सर्वांत दूर, मोठ्या गाठीच्या पलीकडे असते. कृत्रिम नळी, रक्तपेढीची तयारी, व्हॅस्क्युलर सर्जनची उपस्थिती, ऑपरेशन मोठ्या केंद्रात करायचे की नाही हे सारे आधीच ठरवायचे असेल, तेव्हा आयव्हसचे वजन वाढते.

शिरेच्या आतून गाठीचा शिरकाव पाहण्याच्या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले ते नागोया विद्यापीठातील सर्जननी, १९९० च्या दशकात. स्वादुपिंड आणि पित्तमार्गाच्या कॅन्सरमध्ये पोर्टल व्हेन कापावी लागणार का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी पोर्टल व्हेनमध्ये प्रोब नेऊन भिंतीच्या उजळ पट्ट्याचा अभ्यास केला, आणि पुढे तोच विचार यकृताच्या गाठी व आयव्हीसी यांच्यासाठी वापरला. कॅथेटरच्या टोकावरच्या प्रोबची कल्पना त्याहून जुनी आहे. रॉटरडॅममध्ये निकोलास बॉम यांनी १९७२ मध्येच ३२ घटकांचा असा प्रोब हृदयासाठी तयार केला होता.

आता चुकांविषयी. धमनीच्या भिंतीचे तीन थर आयव्हसवर वेगळे दिसतात, शिरेची भिंत मात्र एकाच उजळ रेषेसारखी दिसते. त्यामुळे भिंतीच्या बाहेरच्या थरापुरता मर्यादित शिरकाव आणि नुसता चिकटपणा यांत फरक करणे कठीण असते. ही रेषा तिच्यावर लहरी काटकोनात आदळतात तेव्हाच ठळक दिसते. कॅथेटर एका बाजूला झुकले, तर दूरच्या भिंतीवर लहरी तिरप्या पडतात आणि सलग भिंतही तुटल्यासारखी भासते. म्हणून शंकास्पद जागी कॅथेटर थोडे फिरवून, पुढे-मागे करून, रुग्णाला श्वास रोखायला सांगून तीच जागा पुन्हा पाहावी. गाठीने आयव्हीसी पार चपटी केलेली असेल, तर कॅथेटर भिंतीलाच चिकटते, आणि प्रोबच्या अगदी जवळचा भाग त्याच्या स्वतःच्या कड्याच्या झगमगाटात हरवतो; पाय वर उचलून शीर थोडी भरून घेतली की पुष्कळदा भिंत मोकळी होते. ज्या रुग्णांत आधी धमनीतून औषध सोडून किंवा उष्णतेने गाठ जाळण्याचे उपचार झालेले आहेत, त्यांच्यात जखमेच्या वणामुळे भिंत खडबडीत दिसते आणि शिरकावाचा खोटा संशय येतो.

आणि एक मर्यादा कोणत्याही कौशल्याने ओलांडता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा बारीक शिरांमधला शिरकाव आयव्हसवर दिसत नाही, सीटी स्कॅनवरही दिसत नाही. तो काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्येच कळतो. ऑपरेशननंतर गाठ पुन्हा उद्भवण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. ‘आयव्हस नॉर्मल आहे’ म्हणजे ‘कॅन्सर रक्तात गेलेला नाही’ असा अर्थ नातेवाइकांना सांगू नका.

प्रश्न : काकांच्या डॉपलर सोनोग्राफीत पोर्टल व्हेनमध्ये गुठळी सांगितली आहे. ती साधी रक्ताची गुठळी आहे की कॅन्सरची, हे आयव्हसने कळेल का? (डोंबिवली)

उत्तर : सिरोसिसमध्ये पोर्टल व्हेनमधला प्रवाह मंदावल्यामुळे रक्ताची साधी गुठळीही होते, त्यामुळे गुठळी म्हणजे कॅन्सरच, असे मानू नये. मात्र त्यासाठी पहिली तपासणी आयव्हस नव्हे. तीन टप्प्यांत केलेला सीटी स्कॅन किंवा एमआरआय पुष्कळदा उत्तर देतो : धमनीतून डाय आल्याबरोबर गुठळीही उजळली, तिच्यामुळे शीर फुगलेली असली आणि ती शेजारच्या गाठीला सलग जोडलेली असली, तर ती कॅन्सरची असते. साधी गुठळी उजळत नाही. शंका राहिलीच, तर वायूचे सूक्ष्म बुडबुडे असलेले औषध शिरेतून देऊन केलेली सोनोग्राफी फार उपयोगी पडते. तिला मूत्रपिंडाला बाधणारा डाय लागत नाही. पोर्टल व्हेनमध्ये आतून पोहोचायचे तर बरगड्यांमधून यकृतात सुई घालावी लागते, आणि प्लेटलेट्स कमी असलेल्या, पोटात पाणी झालेल्या रुग्णात त्याने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून काकांच्या बाबतीत मी आयव्हसचा आग्रह धरणार नाही.

ती गुठळी कॅन्सरची ठरली, तर पुढचा मार्ग बदलतो. जपानी वर्गीकरणात ती लहान शाखांत आहे की मुख्य खोडात, यानुसार व्हीपी १ ते व्हीपी ४ असे टप्पे करतात. बार्सिलोनाच्या वर्गीकरणात मात्र अशा सर्व रुग्णांचा आजार बराच पुढे गेलेल्या टप्प्यात धरून प्रामुख्याने औषधोपचार सुचवतात. १९९६ च्या मिलान निकषांनुसार मोठ्या शिरेत शिरकाव असेल तर यकृत प्रत्यारोपणही करत नाहीत. ही नावे सांगण्याचे कारण असे की दोन डॉक्टरांची मते वेगळी आली, तर त्यातला एक चुकतोच आहे असे नसते; जपानमध्ये लहान शाखेतील गुठळीसह ऑपरेशन करण्याची परंपरा आहे, युरोपात तिच्याकडे सावधपणे पाहतात. औषधांची स्थिती मात्र बदलली आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सोराफेनिबमुळे मध्यम जीवनकाळ ७.९ वरून १०.७ महिन्यांवर गेला, तेव्हा तेही मोठे यश वाटले होते. २०२० पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी त्याहून सरस ठरली आहे. ही जोडी सुरू करण्यापूर्वी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासून घ्याव्या लागतात, कारण बेव्हासिझुमॅबमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. काकांची एंडोस्कोपी झाली आहे का, हे पत्रात नाही. ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ‘गाठीला सुई किंवा नळी लागली की कॅन्सर पसरतो’ असे आमच्याकडे सगळे म्हणतात. आईची ही तपासणी करावी की नाही, यावर घरात वाद आहे. (पंढरपूर)

उत्तर : आयव्हसमध्ये गाठीला सुई टोचली जात नाही. कॅथेटर शिरेच्या पोकळीतून, रक्तातून जाते आणि गाठ भिंतीपलीकडे राहते. गाठीची बायोप्सी केली तर सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याची शक्यता असते. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला तिचा आकडा सुमारे २.७ टक्के आहे, आणि म्हणूनच ऑपरेशन शक्य असलेल्या रुग्णात निदान स्कॅनवर स्पष्ट असेल तर बायोप्सी टाळतात. तुमच्या घरातली भीती बहुधा तिथून आलेली आहे.

एका परिस्थितीत मात्र ही भीती रास्त आहे. गाठीचा कोंब आयव्हीसीच्या पोकळीत लोंबत असल्याचे सीटी स्कॅनवरच दिसत असेल, तर त्याच्या शेजारून कॅथेटर नेताना तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णात शिरकाव सिद्धच झालेला असतो, मग कॅथेटर आत घालून नवीन काय कळणार? कोंब कुठपर्यंत पोहोचला आहे हे पाहायचे असेल, तर अन्ननलिकेतून केलेला इको अधिक सुरक्षित आहे. आईच्या स्कॅनमध्ये शिरेच्या आत काही दिसते आहे का, एवढे विचारून घेतलेत, तर घरातला वाद मिटायला हरकत नाही.

प्रश्न : तपासणीच्या आधी आणि नंतर काय काळजी घ्यावी? खर्च योजनेत बसतो का? (नांदेड)

उत्तर : तपासणी बहुधा जागेपणी, जांघेत भुलीचे इंजेक्शन देऊन करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारून ठरवावे. मनाने थांबवू नयेत. शिरेतला रक्तदाब धमनीपेक्षा फार कमी असल्याने, नळी काढल्यावर काही मिनिटे हाताने दाबून धरले की रक्त थांबते, आणि त्यानंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. जांघेत सूज, पाय निळसर पडणे किंवा अचानक धाप लागणे यांपैकी काही झाले, तर लगेच सांगावे. प्रतिमांसाठी डाय लागत नसल्यामुळे ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, म्हणजे मूत्रपिंडे कमजोर आहेत, अशांनाही ही तपासणी सोसते, हा तिचा एक मोठा गुण आहे.

सर्वाधिक खर्च असतो तो कॅथेटरचा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेत असाल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे जाऊन तुमच्या मंजूर पॅकेजमध्ये हे कॅथेटर धरलेले आहे का, हे तपासणीच्या आधीच लेखी विचारून घ्या. तुमच्या जिल्ह्यात ही सोय नसेल, तरी केवळ या एका तपासणीसाठी रुग्णाला घेऊन मुंबई-पुण्याला धावू नका. आधी सीटी स्कॅनची सीडी, रक्ताचे रिपोर्ट आणि एंडोस्कोपीचा कागद घेऊन घरातले कोणी तरी अशा केंद्रात जाऊन या, जिथे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रांत त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. पुष्कळदा नीट घेतलेल्या सीटी स्कॅनचे पुन्हा वाचन करूनच शंका फिटते, आणि कधी कधी आधीचा स्कॅन योग्य टप्प्यांत न घेतल्यामुळे तोच पुन्हा करावा लागतो.

तपासणी झालीच, तर छापील रिपोर्टवर समाधान मानू नका. कॅथेटर मागे ओढतानाची संपूर्ण चित्रफीत सीडीवर मागून घ्या, कारण छापलेल्या दोन-चार चित्रांवरून भिंत सलग होती की नाही हे दुसऱ्या डॉक्टरांना ठरवता येत नाही. ऑपरेशन दुसऱ्या रुग्णालयात होणार असेल, तर ती सीडी सर्जनच्या हाती आदल्या आठवड्यात पोहोचती करा आणि ती उघडते आहे ना, हे तिथल्या रेडिओलॉजी विभागात लावून पाहा.